गोत्र पाहिलं, पुढे काय?



परिचय मेळाव्याचं पुस्तक हातात आलं की आपण आधी गोत्र पाहतो, मग मामाकडचं गोत्र, मग शिक्षण. नांदेड काय, लातूर काय, रीत एकच. गोत्र वेगळं निघालं की आपण निश्चिंत होतो. मला वाटतं, इथे थोडं थांबावं.

अग्रवाल समाजाचं उदाहरण घ्या. त्यांच्यात जैनही आहेत. सगोत्र लग्न ते करत नाहीत. तरीही कंबर-खांद्याचे स्नायू हळूहळू दुबळे करणारा मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा एक प्रकार त्यांच्यात आढळतो. मुंबईचे डॉ. सतीश खाडिलकर आणि सहकाऱ्यांचा यावरचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. कॅल्पेन-३ या जनुकातले दोन जुने बदल तिथे पिढ्यान् पिढ्या चालत आले आहेत. गोत्रं वेगळी असली, तरी लग्नं समाजातच होत राहिली. आपलं तरी वेगळं काय आहे?

याचा हिशेब सोपा आहे. या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. एकच बिघडलेली असेल तर माणूस ठणठणीत, फक्त वाहक. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळाला आजाराची शक्यता २५ टक्के. एकच वाहक असेल तर बाळाला हा आजार सहसा होत नाही. म्हणजे स्थळ मोडायचं कारण नाही, आधी माहीत असणं महत्त्वाचं. गर्भ राहिल्यावर कळलं तर अहिंसा मानणाऱ्या आईपुढे किती कठीण प्रश्न उभा राहतो, हे मी सांगायला नको.

ड्युशेन हा प्रकार वेगळा. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, म्हणून तो मुख्यतः मुलग्यांना होतो. आई वाहक असेल तर प्रत्येक मुलाला आजाराची आणि प्रत्येक मुलीला वाहक होण्याची शक्यता निम्मी. पण सुमारे एक तृतीयांश मुलांत हा बदल नव्यानेच झालेला असतो, आईकडून आलेलाच नसतो.

तरी बोट सुनेकडेच जातं. "हिच्या माहेरचं," "हिचं पापकर्म." अहो, आपला धर्मच सांगतो की प्रत्येक जीव स्वतःचं कर्म स्वतः भोगतो. मग आईचं पाप लेकराच्या पायात कसं उतरेल? असं बोलून आपण मात्र नवं कर्म बांधतो.

लहान मुलगा जिना चढताना अडखळत असेल, मांडीवर हात टेकून उठत असेल, पोटऱ्या जाड दिसत असतील, तर डॉक्टरांना दाखवा. सीपीके ही साधी रक्ततपासणी असते. निदान झालं तर आईची, मावशीची, बहिणीची तपासणी वेळेत होऊ शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही या आजाराचा समावेश आहे.

मुलींची लग्नं अडतील म्हणून आपण आजार लपवतो. पण लपवल्यामुळेच त्याच मुलींच्या घरी तो न कळता पोहोचतो. पुढच्या परिचय मेळाव्यात मंडळाने जनुक समुपदेशकाचं एक व्याख्यान ठेवावं, असं मला मनापासून वाटतं. तुम्हीही आपापल्या मंडळात विषय काढा.