चित्र बघू या : पिवळ्या घरातली खोली

बालमित्रांनो, घरी पाहुणे यायचे असले की कशी धांदल उडते, ठाऊक आहे ना? चादरी बदला, पसारा आवरा! आजचं चित्र अशाच धांदलीतलं आहे बरं का.

चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग मूळचा हॉलंडचा. सतत बिऱ्हाडं बदलणाऱ्या व्हिन्सेंटनं १८८८ मध्ये फ्रान्समधल्या आर्ल गावात एक पिवळं घर भाड्यानं घेतलं. पैसे धाकटा भाऊ थिओ पाठवायचा. चित्रकार गोगँ तिथं राहायला येणार, म्हणून व्हिन्सेंट घर सजवू लागला. दमून दमून शेवटी अंथरुणालाच खिळला! दोन-अडीच दिवसांनी उठला आणि त्यानं चित्र काढलं, ते आपल्या झोपायच्या खोलीचं.

काय आहे त्या खोलीत? लाकडी पलंग, दोन खुर्च्या, छोटं टेबल, खुंटीला कपडे, भिंतीवर थोडी चित्रं. बस्स! पण पलंग लोण्यासारखा पिवळा, पांघरूण लालभडक, खिडकी हिरवी. आता पलंगाखाली सावली शोधा पाहू. नाही ना सापडत? त्यानं ती मुद्दामच काढली नाही. जपानी छापचित्रांतले सपाट रंग त्याला फार आवडत. हे चित्र पाहून डोक्याला विसावा मिळावा, असं त्यानं थिओला कळवलं होतं.

त्याच पत्रात भिंती फिकट जांभळ्या असल्याचं त्यानं लिहिलंय. चित्रात तर त्या निळ्या दिसतात! मग पत्र खोटं? छे! निळ्यात लाल मिसळला की जांभळा होतो. उजेडानं त्यातला लाल उडत गेला आणि निळा उरला.

पुढे काय झालं? गोगँ आला, पण दोघांचं जमेना. दोन महिन्यांतच तो निघून गेला. व्हिन्सेंट आजारी पडला, दवाखान्यात गेला. इकडे नदीला पूर आला, बंद घरात ओल शिरली आणि चित्र खराब झालं. थिओच्या सांगण्यावरून १८८९ मध्ये व्हिन्सेंटनं तीच खोली पुन्हा रंगवली. शिवाय आई आणि बहिणीसाठी एक लहान प्रत काढली. आज पहिलं चित्र ॲमस्टरडॅमला, दुसरं शिकागोला आणि लहान प्रत पॅरिसला आहे.

आणि ते पिवळं घर? दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये त्यावर बॉम्ब पडला. घर गेलं, खोली मात्र राहिली!

या रविवारी तुम्हीही आपल्या घराचा एखादा कोपरा रंगवा. स्वयंपाकघरातली मांडणी चालेल, आजीची खाटही चालेल. आईबाबा, कृपा करून त्याआधी पसारा आवरू नका हं! आणि मुलांनो, चित्राच्या मागे रंगांची नावं जरूर लिहा. रंग उडतात, लिहिलेलं राहतं.