मागण्याआधी घाम गाळावा

आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या बैठकीत यंदा एक प्रस्ताव आला. कर्करोगाच्या गरीब रोग्यांसाठी महाविद्यालयाने एक दौड काढावी व तिच्यातून निधी जमवावा, असा तो प्रस्ताव होता. तो मांडणाऱ्या मित्राने नमुना म्हणून मोबाइलवर एक चित्रफीत दाखविली. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात वॉल्ट डिस्ने वर्ल्ड नावाचे प्रचंड करमणूक-उद्यान आहे. तेथे १९९४ सालापासून मॅरेथॉन भरते. अंतर पुरते ४२.१९५ किलोमीटर, बडनेऱ्याहून निघून मूर्तिजापूर गाठावे, साधारण तेवढे. पहाटेच्या अंधारात हजारो माणसे तेथल्या परीकथेतल्या किल्ल्याजवळून धावतात. कोणी डोक्याला उंदराचे कान लावलेले, तर कोणी परीचा झगा घातलेला. वाटेत थांबून मिकी माउसबरोबर फोटोसुद्धा काढून घेतात! आणि यांतले कितीतरी जण आरोग्याचे काम करणाऱ्या एखाद्या संस्थेसाठी धावत असतात. "मी एवढे धावणार आहे, तुम्ही या संस्थेला काही द्या," असे ते नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, कचेरीतल्या सोबत्यांना सांगतात आणि जमलेली रक्कम संस्थेला देतात.

बैठकीत हशा पिकला. एकजण म्हणाला, "द्यायचे तर सरळ द्या ना, धावता कायले?" दुसरा म्हणाला, "आजाऱ्याच्या नावावर ही जत्रा कशाला?" मला हसू आले नाही, रागच आला. मी मत दिले ते प्रस्तावाच्या विरुद्ध. आज मात्र माझे मत बदलले आहे. ते का बदलले, हे वाचक मित्रांना व गुरुजनांना सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

मी मूर्तिजापूर तालुक्यातल्या एका खेड्यातला. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील शेतमजूर. विळा आणि खर्ऱ्याची पुडी या दोन वस्तूंवाचून ते कधी वावरात गेले नाहीत. मी अकरावीत असताना त्यांच्या गालाला आतून फोड आला. तो बरा होईना. शेवटी अकोल्याच्या डॉक्टरांनी मुंबईला न्यायला सांगितले. मुंबई आमच्यापासून सहाशे किलोमीटर! उपचाराचा बराचसा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून निघाला, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. पण रोग्यासोबतच्या माणसाने निजायचे कोठे? खायचे काय? आणि दोघांची बुडालेली मजुरी कोण भरून देणार? पहिल्या दोन रात्री आम्ही पदपथावर काढल्या. तिसऱ्या दिवशी कोणीतरी दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेचा पत्ता सांगितला, आणि तेथे आम्हांला जागा मिळाली.

त्या संध्याकाळी वडील भिंतीला हात लावून बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "कोनं बांधलं असन रे हे? त्याले तं आपलं नावबी मालूम नसन."

शस्त्रक्रियेनंतर वडिलांचे बोलणे अस्पष्ट झाले. ते आज आमच्यात आहेत, पण घरच्या माणसांनाच त्यांचे शब्द कळतात. म्हणून ते वाक्य माझ्या मनात अधिकच स्पष्ट राहिले आहे. बैठकीत मला राग आला तो या पार्श्वभूमीवर. ज्या रोगाने माझ्या वडिलांचा आवाज नेला, त्या रोगाच्या नावाने उंदराचे कान लावून धावायचे?

पण पुढे विचार करू लागलो तेव्हा वाटले, की वडिलांच्या त्या प्रश्नाला उत्तर कोणते? ती भिंत ज्यांच्या पैशाने उभी राहिली, त्यांनी तो हसत दिला की रडत, हे आम्ही कुठे विचारले होते? रात्री पाठ टेकायला जागा मिळाली, एवढेच आम्हांला कळत होते. दात्याचा चेहरा गंभीर असलाच पाहिजे, हा हट्ट रोग्याचा नसतो. तो बहुधा आपल्यासारख्या पाहणाऱ्यांचा असतो.

राहिला दुसरा प्रश्न, धावायचे कशाला? याचे उत्तर मला टेरी फॉक्स या तरुणाच्या चरित्रात सापडले. कॅनडातल्या या मुलाचा उजवा पाय १९७७ साली हाडाच्या कर्करोगामुळे कापावा लागला. १२ एप्रिल १९८० रोजी तो कृत्रिम पायावर देश ओलांडायला निघाला. प्रत्येक देशबांधवाने कर्करोगाच्या संशोधनासाठी एक डॉलर द्यावा, एवढीच त्याची मागणी होती. १४३ दिवसांत तो ५,३७३ किलोमीटर धावला. मग रोग फुप्फुसात पसरल्याचे कळले, आणि १९८१ च्या जूनमध्ये वयाच्या बाविसाव्या वर्षी तो गेला. पण त्याआधीच दोन कोटींहून अधिक डॉलर जमले होते. १९८१ पासून त्याच्या नावाने दौडी निघतात. आपल्या मुंबईतही निघाल्या आहेत. तो घरी बसून पत्रे लिहिता, तर किती जणांनी डॉलर दिला असता?

आणि हे शिकायला कॅनडापर्यंत जाण्याची तरी काय गरज? गाडगेबाबांचे बालपण आमच्याच तालुक्यातल्या दापुऱ्याला, मामाच्या घरी गेले. बाबा गावात शिरत ते हातात खराटा घेऊन. दिवसभर गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनातून गावाला शहाणे करायचे. लोकांनी दिलेल्या पैशातून धर्मशाळा उभ्या राहिल्या, शाळा उभ्या राहिल्या. स्वतःजवळ गाडगे तेवढे राहिले. आधी घाम, मग मागणे, असा त्यांचा क्रम होता. धावणारा माणूस नेमके हेच करतो. तो स्वतःचा घाम पुढे ठेवतो, म्हणून त्याला दुसऱ्याच्या दारात उभे राहण्याचा अधिकार येतो.

परंतु या चित्राला दुसरी बाजू आहे, आणि ती विसरून चालणार नाही. मूळच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या, म्हणजे आपल्या वऱ्हाडच्याच, लताबाई करे बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये धावल्या. साठी ओलांडलेल्या, नऊवारी लुगडे नेसलेल्या आणि पाय अनवाणी. नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे नव्हते, म्हणून बक्षिसासाठी त्या धावल्या आणि ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आल्या. पुढे त्यांच्यावर 'लता भगवान करे' हा चित्रपट २०२० साली निघाला. त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली आणि राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. आपण सर्वांनी टाळ्या वाजविल्या. पण मित्रहो, त्या टाळ्या वाजविताना आपल्याला थोडी लाज वाटायला नको होती काय? डिस्नेच्या उद्यानात धावणारा दुसऱ्यासाठी, हौसेने धावतो. लताबाईंना धावावे लागले. कोणत्याही लताबाईला असे धावावे लागू नये, म्हणून आपण धडधाकट पोरांनी धावायचे आहे.

तेव्हा दौड अवश्य निघावी. मात्र माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, प्रवेश-शुल्क नको. शुल्क आणि रंगीत बनियन आले की वसतिगृहातला गरीब मुलगा बाहेर राहतो. ज्याच्याजवळ बूट नाहीत त्याने चपलेत धावावे. प्रत्येकाने दहा घरे गाठावीत आणि घरटी दहा रुपये मागावेत, बस्स. दुसरी, जमलेल्या पैन् पैचा हिशेब आठ दिवसांत सूचना-फलकावर लागावा. तो पैसा रोग्यासोबतच्या माणसाच्या जेवणा-मुक्कामाला जावा, कारण ती गरज योजनेच्या कागदात बसत नाही. उपचार देण्याची सरकारची जबाबदारी मात्र आपल्या दौडीमुळे कमी होत नाही, हेही ठणकावून सांगावे. तिसरी सूचना मला स्वतःला अवघड आहे. धावणाऱ्याने आधी आपल्या खिशातली खर्ऱ्याची पुडी टाकावी. आपल्या वर्गात किती खिसे फुगलेले असतात, हे गुरुजनांपासून लपलेले नाही.

दौडीचा शेवट गाडगेनगरात, बाबांच्या समाधीपाशी व्हावा. ज्यांच्या नावाचे आपले विद्यापीठ, त्यांच्या दारात घामाघूम होऊन जाण्यात संकोच कसला? सोंगे घ्यायची तर खुशाल घ्यावीत. कोणी मारुती व्हावे, कोणी बहुरूपी. मी मात्र साधाच धावेन. वडिलांना हे सांगितले तेव्हा ते काहीतरी पुटपुटले. आईने मला अर्थ सांगितला, "म्हनतात, मीबी येतो. पयाले नाई, झाडाले."