पाठ रचावयाचा कोणी?

शिक्षकाने वर्षाला किमान 50 तास प्रशिक्षण घ्यावे, अशी अपेक्षा 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने व्यक्त केली. तासांची मोजदाद करणे सोपे असते. त्या तासांत शिक्षकाच्या हाती काय लागले, याचा हिशेब मात्र कोणी मागत नाही. 2019 साली सुरू झालेल्या 'निष्ठा' कार्यक्रमापुढे सुमारे 42 लक्ष शिक्षकांचे उद्दिष्ट होते. वर दिल्लीत घटक तयार व्हावयाचे, राज्यातील साधनव्यक्तींनी ते आत्मसात करावयाचे आणि शिक्षकांनी त्यांच्याकडून ऐकावयाचे, अशी ही उतरंड. साथीच्या काळात तीही 'दीक्षा' व्यासपीठावर गेली. चित्रफीत पाहा, प्रश्न सोडवा, प्रमाणपत्र उतरवून घ्या!

वस्तुतः पाठ रचणे हे बौद्धिक श्रमाचे काम आहे. मुलाला काय यावयास हवे, ते आले हे कशावरून ओळखावयाचे, हे आधी ठरवून मगच कृती, उदाहरणे व प्रश्न यांचा क्रम लावावा लागतो. चार हा तिनाहून मोठा, म्हणून पाव हा एकतृतीयांशाहून मोठा, असे मूल म्हणते. ही चूक कोठून उगवते हे ज्याला उमगले, तोच शिक्षक नियम सांगण्यापूर्वी भाकरीचे वाटे करावयास लावील. आपल्याकडे या विचाराची जागा टाचणाने घेतली, आणि टाचण बहुधा तपासणीपुरते उतरवले जाते. दोष एकट्या शिक्षकाचा नाही. दोन शिक्षकी शाळेत चार इयत्ता सांभाळून, वर कायद्याने मुभा दिलेली जनगणनेची व निवडणुकीची कामे उरकणाऱ्याने विचार करावा तरी केव्हा?

याहून वेगळे घडू शकते, हे मध्यप्रदेशातील तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्याने दाखवून दिले आहे. 1972 साली किशोर भारती व फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी तेथील 16 उच्च प्राथमिक शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकविण्यास आरंभ केला. 1978 मध्ये तो कार्यक्रम जिल्हाभर पसरला. पुढे 'एकलव्य' संस्थेने त्याची धुरा वाहिली. प्रशिक्षण शिबिरात शिक्षक भाषणे ऐकत बसत नसत, मुलांना करावयाचे प्रयोग ते स्वतः करीत. प्रयोग फसला तर वाद घालीत. नंतर दरमहा एकत्र जमून वर्गात काय जमले नाही ते मांडीत आणि त्या अनुभवावरून 'बाल वैज्ञानिक' पुस्तकांत फेरफार होत. खेड्यातील सरकारी शिक्षक पाठ्यपुस्तकाचा सहरचनाकार झाला! 2002 साली राज्य सरकारने हा कार्यक्रम बंद केला. तीस वर्षांचे हे संचित एका आदेशाने मोडीत निघाले, याची खंत आम्हांस आजही वाटते.

रचना एकाने करावयाची व हात दुसऱ्याने चालवावयाचे, ही विभागणी कारखान्यात कामगाराला काय करते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. शाळेत तिचे परिणाम मुलांनाही भोगावे लागतात, आणि तीही बहुतांशी कष्टकऱ्यांची.

म्हणून शिक्षक संघटनांत काम करणाऱ्या साथींनी वेतन व निवृत्तिवेतन यांच्या जोडीने आणखी एक मागणी लावून धरावी. केंद्रपातळीवरील शिक्षण परिषद परिपत्रकांच्या वाचनातून मुक्त करा. तेथे प्रत्येकाने आपला एक फसलेला पाठ आणावा, सर्वांनी मिळून तो पुन्हा रचावा आणि या कामाचा वेळ शालेय कामकाजातच धरला जावा.