रात्री मोजाव्यात, गावे नव्हेत

कोजागिरीच्या रात्री स्वयंपाकघरात दूध आटत होते आणि दिवाणखान्यात युरोप आटत होता. दुधाचे काम माझ्याकडे होते, युरोपाचे आमच्या चिरंजीवांकडे. दूध निम्म्यावर आले, केशर घालून झाले, तरी युरोप काही आटायचे नाव घेईना. आठ रात्री, चार देश आणि सहा गावे!

ह्या सदराच्या वाचकांना आमचे बिऱ्हाड परिचयाचे आहे. नव्या वाचकांसाठी दोन शब्द सांगते. आम्ही महाळुंग्याला राहतो. मुळशी तालुक्यातले हे गाव २०२१ साली पुणे महापालिकेत आले. आमच्या नवव्या मजल्याच्या गॅलरीतून एका अंगाला मुळा नदी दिसते, दुसऱ्या अंगाला बालेवाडीची क्रीडानगरी. इथे दूध, भाजी, डॉक्टर, सारे हाताशी आहे. रेल्वे तेवढी नाही, आणि आमच्या मामंजींचे दुखणे नेमके तेच आहे. मामंजी रेल्वेत गार्ड होते. निम्मी नोकरी त्यांनी कर्जत-लोणावळ्याच्या घाटात काढली. आता वय अठ्ठ्याहत्तर. रात्री महामार्गावर अवजड ट्रक धडधडला की ते उठून बसतात, कान देतात, आणि "छे, मालगाडी नव्हे" असे स्वतःशीच म्हणून पुन्हा आडवे होतात. सासूबाई गेल्यापासून हे जरा वाढले आहे.

चिरंजीव हिंजवडीला नोकरीत आहेत. यंदा हाताशी चार पैसे शिल्लक पडले तेव्हा त्यांनी जाहीर केले, "पुढच्या मे महिन्यात आपण चौघे उत्तर युरोपात जाऊ. विमान फक्त जायला नि यायला. मधला प्रवास आगगाडीने." आगगाडी हा शब्द ऐकून मामंजींनी वर्तमानपत्र खाली ठेवले. नव्वद सालानंतर प्रथमच, असे हे म्हणाले. पण ह्यांना अतिशयोक्तीची सवय आहे.

कोजागिरीला चिरंजीवांनी तो आराखडा आमच्यापुढे मांडला. हॅम्बुर्ग एक रात्र, कोपनहेगन दोन, माल्मो एक, स्टॉकहोम दोन, ऑस्लो एक, बर्गेन एक. प्रत्येक गावाला वेगळा रंग. दिसायला अगदी पैठणीचा पदर!

"ह्यात जेवायचे केव्हा?" ह्यांनी विचारले.

"गाडीत," चिरंजीव म्हणाले.

मला भूगोल फारसा येत नाही, पण घर चालवायला लागणारी वजाबाकी येते. मी विचारले, "आठ रात्री म्हणजे मधले पुरे दिवस सात. सहा गावे म्हणजे बिऱ्हाड पाच वेळा हलायचे. ज्या दिवशी बिऱ्हाड हलते तो दिवस कुणाचा?"

वाचकहो, हा हिशेब एकदा तुम्हीही मांडून पाहा. नकाशात दोन गावांमध्ये बोटभर अंतर असते. प्रत्यक्षात सकाळी सामान आवरायचे, अकराच्या सुमारास खोली सोडायची, स्टेशन गाठायचे, चारपाच तास गाडीत बसायचे, पुढच्या गावी रस्ता शोधायचा. तिथली खोली दुपारी तीनच्या आधी बहुधा मिळत नाही. हातपाय धुऊन बाहेर पडावे तो दुकाने बंद व्हायला आलेली. म्हणजे सातातून पाच दिवस गेले. सहा गावांच्या वाट्याला मोकळे दिवस उरले दोन! एवढा खर्च करून आपण पाहणार काय, तर सहा गावांची स्टेशने.

चिरंजीव इंजिनियर आहेत; बेरीज चुकली तर वाद घालतात, बरोबर असली तर गप्प बसतात. ते गप्प बसले आणि हॅम्बुर्गवर काट मारली.

इथे मामंजी प्रथमच बोलले. "हॅम्बुर्गहून कोपनहेगनला जाणारी गाडी बोटीत चढवतात ना रे? मी वाचले होते." वाचले होते ते खोटे नव्हते. प्युटगार्डन ते रोडबी ही खाडी आगगाडी खरोखरच बोटीत बसून ओलांडत असे. पण २०१९ च्या डिसेंबरात ते बंद झाले. आता गाडी डेन्मार्कच्या जमिनीवरून वळसा घालून जाते, आणि त्या खाडीखाली अठरा किलोमीटरचा बोगदा बांधायला घेतला आहे. जुनी प्रवासवर्णने वाचून सहल आखणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे: गावे जागची हलत नाहीत, पण वेळापत्रके हलतात.

माल्मोवरही मी बोट ठेवले. कोपनहेगनहून माल्मो गाडीने चाळीसएक मिनिटांवर, म्हणजे आपल्या पुणे-तळेगाव लोकलच्या अंतराने. तेवढ्यासाठी कुणी बिऱ्हाड हलवते का? पासपोर्ट खिशात ठेवावा, सकाळी जावे, संध्याकाळी परत यावे. जे गाव दुसऱ्या गावात मुक्काम ठेवून पाहता येते, त्याला आराखड्यात रात्र देऊ नये.

मग निघाला व्हिसाचा विषय. हे चारही देश शेंगेनच्या एकाच व्हिसावर पाहता येतात. नॉर्वे युरोपीय संघात नाही, तरी शेंगेनमध्ये आहे. पण अर्ज करायचा कुणाकडे? तर ज्या देशात मुक्काम सर्वांत जास्त त्याच्याकडे, आणि मुक्काम सारखेच असले तर ज्या देशात प्रथम पाऊल ठेवणार त्याच्याकडे. म्हणजे रात्री मोजण्याचा आग्रह माझ्या एकटीचा नाही, वकिलातींचाही आहे! प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. निदान तीस हजार युरोंचा आरोग्यविमा लागतो. मेची सहल असेल तर आकाशकंदील उतरवला की कागदपत्रांना लागावे. डेन्मार्क, स्वीडन आणि नॉर्वे ह्यांचे नाणे 'क्रोन'च्याच कुळातले, पण तिघांचे तीन, आणि एकाचे दुसऱ्याकडे चालत नाही. देश कमी, तर मोडतोडीचा व्यापही कमी.

एवढे होईतो दूध प्याल्यांत आले. आराखड्यात आता कोपनहेगन, स्टॉकहोम, ऑस्लो आणि बर्गेन अशी चार गावे राहिली होती, आणि ऑस्लोहून बर्गेनला चिरंजीवांनी विमान धरले होते. "गाडीला सात तास लागतात, विमानाला तास सुद्धा नाही," ते म्हणाले. आम्ही माना डोलावल्या.

मामंजींनी दुधाचा पेला खाली ठेवला आणि विचारले, "तिकडच्या रुळांची रुंदी किती?"

"चार फूट साडेआठ इंच, आजोबा."

"आपली साडेपाच फूट," ते म्हणाले आणि झोपायला गेले.

रात्री भांडी आवरताना मला ते वाक्य राहून राहून आठवत होते. मामंजी मागणारे गृहस्थ नव्हेत. जन्मभर गाडीच्या शेवटी उभे राहून पुढच्यांना हिरवा बावटा दाखवलेला माणूस! त्यांना भात हवा असला तरी ते "कुकर झाला का?" एवढेच विचारतात. मग रुळांची रुंदी विचारली, ती कशासाठी?

सकाळी त्यांच्या खोलीत चहा घेऊन गेले तेव्हा टेबलावर त्यांची जुनी वही उघडी होती. त्यांच्या ठाशीव अक्षरात लिहिले होते: "ऑस्लो-बर्गेन. लाईन पुरी झाली १९०९. फिन्से स्टेशन, उंची १२२२ मीटर. मोटारीचा रस्ता नाही, फक्त गाडी." त्याखाली: "मिर्डाल ते फ्लाम, २० किलोमीटर. चढ १८ ला १." आणि त्याहीखाली रेघ मारून: "भोर घाट, १८६३. चढ ३७ ला १."

मी चहा ठेवला आणि म्हटले, "मामंजी, हे काल बोलला का नाहीत?"

"अगं, तुम्हा सर्वांची सहल," ते म्हणाले. "म्हाताऱ्याच्या हौसेसाठी सात तास कोण बसणार? सहज लिहून ठेवले. सदतीसला एक चढाला आम्ही कर्जतला मागून इंजिने जोडतो. हे लोक अठराला एक चढवतात कसे, एवढेच पाहायचे होते." मग थोडे थांबून म्हणाले, "पण आपला घाट त्यांच्या लाईनीला शेहेचाळीस वर्षांनी वडील आहे, हे मात्र त्या पोराला सांग."

मी चिरंजीवांना वही दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली. आम्ही चौघांच्या सोयीचा म्हणून एवढा हिशेब केला, आणि ज्याच्यासाठी आगगाडीची सहल ठरली त्याचीच आगगाडी वेळ वाचवण्यासाठी कापली होती! मला माझीही लाज वाटली. वजाबाकीच्या नादात काय वजा होते आहे ते मी पाहिले नव्हते. दिवस मोजावेत हे खरे, पण कात्री चालवण्याआधी घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः जो गप्प आहे त्याला, एकच प्रश्न विचारावा: ह्या सहलीत कोणती एक गोष्ट राहिली तर तुम्हाला रुखरुख लागेल?

मग आम्ही तो प्रश्न सर्वांना विचारला. ह्यांनी सांगितले, "दुपारची झोप." मी सांगितले, स्टॉकहोमचे 'वासा' जहाज. १६२८ साली पहिल्याच सफरीत बंदराजवळ बुडाले आणि १९६१ साली जवळजवळ अखंड वर काढले. इतक्या थाटाने निघून इतक्या लवकर बुडालेली वस्तू एकदा डोळ्यांनी पाहावी असे मला वाटते. चिरंजीवांनी आपले काही सांगितले नाही. पण मला ठाऊक होते. कोपनहेगन-माल्मोचा पूल २००० साली खुला झाला. जवळजवळ आठ किलोमीटर पाण्यावरून जातो, मग एका कृत्रिम बेटावर उतरून समुद्राखालच्या बोगद्यात शिरतो. त्याचे चित्र त्यांच्या टेबलाजवळ महिनाभर लावलेले होते.

त्यांनी आराखडा उघडला आणि कोपनहेगन पुसले.

"अरे, तुझा पूल!" मी म्हटले.

"पूल तिथेच राहील, आई," ते म्हणाले. पुढचे ते बोलले नाहीत आणि मीही विचारले नाही.

तर आता आमचा आराखडा असा आहे. स्टॉकहोम तीन रात्री, ऑस्लो दोन, बर्गेन तीन. बिऱ्हाड हलायचे फक्त दोनदा, म्हणून सातातले पाच दिवस मोकळे. स्टॉकहोम ते ऑस्लो साडेपाच तासांच्या आसपास, ऑस्लो ते बर्गेन जवळजवळ पाचशे किलोमीटर. बर्गेनच्या मुक्कामातून एक दिवस मिर्डालला परत येऊन फ्लामची गाडी. नॉर्वेत पाच रात्री, म्हणून अर्ज नॉर्वेकडे. १७ मे हा त्यांचा राष्ट्रीय दिन, १८१४ च्या राज्यघटनेचा. त्या सुमारास गर्दी फार, म्हणून आम्ही महिन्याची अखेर धरली आहे. तेव्हा ऑस्लोत सूर्य रात्री दहानंतर मावळतो आणि फिन्सेला बर्फही बहुधा शिल्लक असते.

तिकिटांबद्दल एक सूचना. परदेशी पाहुण्यांना युरेलचा पास मिळतो. साठीपुढच्यांना त्यात थोडी सूट असते. पण स्वीडनच्या जलद गाड्यांत पासाखेरीज जागेचे पैसे वेगळे पडतात. रोज गाडी बदलणाराला पास परवडतो. दोनच लांबचे प्रवास असतील तर सुटी तिकिटे महिनोन् महिने आधी काढावीत, ती बहुधा स्वस्त पडतात. मामंजींना मात्र तिकीट ही कल्पनाच मानवत नाही. "जन्मात पासाशिवाय गाडीत बसलो नाही," असे ते चारचौघांत सांगतात.

आणखी एक. तिकडे हमाल नाही. प्रत्येकाने आपली पेटी आपण उचलून गाडीत चढवायची. म्हणून एका माणसाला एकच पेटी, आणि तीही घरीच उचलून पाहावी. बर्गेनला वर्षातले दोनशेहून अधिक दिवस पाऊस पडतो, तेव्हा लोणावळ्याला नेतो तसे चांगले रेनकोट त्या पेटीत आधी जावेत. नळाचे पाणी पिण्याजोगे असते. बाटल्या विकत घेऊ नयेत.

गेले आठ दिवस मामंजी रोज संध्याकाळी आपली पेटी घेऊन आमच्या जिन्याचे दोन मजले चढतात. पहिल्या दिवशी पेटीत काही नव्हते. काल त्यात चार पुस्तके होती. शेजारचे विचारतात, "आजोबा, लिफ्ट बंद आहे का?" ते सांगतात, "नाही, सराव चाललाय."

परवा चिरंजीवांनी विचारले, "आजोबा, बर्गेनच्या गाडीत जागा कुठली घेऊ? खिडकी तर नक्की. पुढच्या डब्यात घेऊ का?"

मामंजींनी त्याच्याकडे असे पाहिले, की एवढे शिकूनही पोराला काही कळत नाही.

"शेवटच्या," ते म्हणाले. "वळणावर अख्खी गाडी दिसते."