दिवाळीची पहाट आणि न्याहारीचे ताट

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपून देवापुढे दिवा लागला की घरोघरी फराळाचे ताट पुढे येते. चकली, करंजी, अनारसे, शंकरपाळे, बेसनाचा लाडू. पैनगंगेच्या अलीकडे राहूनही आदिलाबादच्या मराठी घरांनी हा क्रम सोडलेला नाही आणि तो सोडू नये, असेच माझे मत आहे. माझी तक्रार फराळाविषयी नसून त्याबाबत आपण डॉक्टर मंडळी जे बोलतो त्याविषयी आहे.

दिवाळी आठ दिवसांवर आली की मधुमेही रुग्णाला आपण एकच वाक्य ऐकवतो : "गोड आणि तळलेले पूर्ण बंद!" रुग्ण मान डोलावतो, घरी जातो आणि नातवाने हातावर ठेवलेला लाडू खातो. कोण खाणार नाही? मग अपराधी भावनेने तो तपासणी टाळतो आणि भाऊबीज उलटून पंधरवडा झाल्यावर तीनशेच्या वर गेलेली रक्तशर्करा घेऊन येतो. दुसरा प्रकार याहून घातक. काही जण नेहमीच्या सवयीने पहाटे उठताच गोळी किंवा इन्सुलिन घेतात. पुढे स्नान, पूजा, देवदर्शन, पाहुण्यांची ये-जा यांत न्याहारीला नऊ वाजतात. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी अन्नाची वाट पाहत थांबत नाही. घाम सुटतो, हात थरथरतात, भोवळ येते. घरचे म्हणतात, जागरणाचा थकवा असेल.

रमजानपूर्वी आपण मुस्लिम रुग्णांना सहेरी व इफ्तार यांनुसार औषधांच्या वेळा बदलून देतो. त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध झाली आहेत. तीच आस्था दिवाळीच्या पहाटेच्या वाट्याला का येऊ नये? जेवणाशी निगडित औषध ताट समोर आल्यावरच घ्यावे आणि कोणतेही औषध आपल्या मनाने बंद करू नये, एवढे सांगायला दोन मिनिटे पुरतात.

आता ताटाविषयी. फराळ हा न्याहारीनंतरचा खाऊ नव्हे, ती न्याहारीच आहे. आधी पोहे, त्यावर फराळ आणि मग चार घरांची चार ताटे, इथे खरी गडबड होते. साखरेच्या एका ग्रॅमला चार उष्मांक, तर तुपातेलाच्या एका ग्रॅमला नऊ; म्हणजे गोड लाडूला नावे ठेवणाऱ्याने चकलीचा डबा रिकामा करावा, यात शहाणपण नाही. एक लाडू, एक चकली आणि सोबत पोटभरीचे काही तरी, असे ताट मला योग्य वाटते.

हे 'काही तरी' आपल्या काळ्या मातीतच पिकते. ज्वारीचे धपाटे दह्याबरोबर, किंवा ज्वारीचे पीठ खमंग भाजून, कांद्याच्या फोडणीत ताक घालून केलेली उकडपेंडी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ सालच्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात. पांढऱ्या तांदळात ३ ग्रॅमही नसतात. अर्थात तंतू आहेत म्हणून ज्वारी कितीही खावी असे नव्हे. तीही धान्यच.

"सणाच्या दिवशी भाकरीचे पीठ?" हा प्रश्न मला माझ्याच घरात ऐकावा लागला. ज्वारी म्हणजे रोजचे, साधे, थोडे गरिबीचे अन्न, हा समज आपल्या मनात खोल रुजला आहे. पण सणाची सकाळ गोडच असली पाहिजे असे कोणी सांगितले? पाडव्याला आपण कडुनिंबाचा पाला चावतो. त्याच सकाळी शेजारच्या तेलुगू घरात कडुनिंबाचा मोहर, चिंच, गूळ आणि कैरी यांची उगादी पच्चडी वाटली जाते. संक्रांतीच्या सकिनालूत तांदळाचे पीठ, तीळ आणि ओवा असतो, साखर नसते (तळणीचे तेल मात्र असते!).

गेल्या दिवाळीत आमच्याकडे उकडपेंडी झाली. सौ. नी ती नाराजीनेच परातीत काढली होती. पाहुण्यांनी दोनदा मागून घेतली आणि लाडू मात्र अर्धा-अर्धा वाटून खाल्ला.