मुगलीसरातली वर्दळ मोडू नका



सुरत महापालिकेचे नवे मुख्यालय जुन्या सबजेलच्या जागेवर होत आहे. कारभार तिकडे हलला की मुगलीसरातल्या ऐतिहासिक इमारतीचे काय करायचे, असे विचारले तर बहुतेक जण एका दमात सांगतात, ‘संग्रहालय’. मला ते पटत नाही.

शाहजहानच्या काळात, 1644 मध्ये, हकीकत खानाने ही सराई बांधली. हजला निघालेले यात्रेकरू जहाज सुटेपर्यंत इथे मुक्काम करीत. वीसच वर्षांनी शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले, तेव्हा ती उभी होती. पण सुरत पाहायला आलेला मराठी माणूस किल्ला विचारतो, इकडे फिरकत नाही. पुढे बंदर ओसरले, यात्रेकरू मुंबईहून जाऊ लागले आणि इंग्रजी अमलात सराईचा तुरुंग झाला. 1867 पासून तिथे नगरपालिकेची कचेरी आहे. (जुन्या तुरुंगातून निघून पुन्हा जेलच्याच जागेवर! आमच्या नगरपित्यांचे हे सख्य कुठले, देव जाणे.) मधे चौक, भोवती खोल्या ही रचना मुसाफिराला सोयीची, पहारेकऱ्याला सोयीची आणि कारकुनालाही. मालकीचा वाद वक्फ न्यायाधिकरणापर्यंत गेला, 2024 मध्ये निकाल महापालिकेच्या बाजूने लागला. त्यात मी शिरत नाही. माझे म्हणणे वापराविषयी आहे.

ही वास्तू टिकली ती कुणी जपली म्हणून नव्हे, दर पिढीला तिची गरज पडली म्हणून. मी कामरेजला राहतो. आमचे गाव प्राचीन तापीकाठचे बंदर. उत्खननात त्याच्या खुणा सापडल्या. आज मात्र चार रस्त्यावर उभे राहून त्यातले काही दिसत नाही. जमिनीवर तेवढेच उरते, ज्याचा कुणाला तरी रोज उपयोग होतो.

शिवाय सुरतेचा सोळाव्या शतकातला किल्ला महापालिकेनेच दुरुस्त करून संग्रहालय केला आहे, आणि तो इथून लांब नाही. उत्तम काम झाले. पण म्हणून तिकीट काढून एकदा बघायची आणि पुन्हा कधी न जायची आणखी एक जागा कशाला?

जर्मनीत एसेन शहरात त्सोलफराइन नावाची प्रचंड कोळसा खाण 1986 मध्ये बंद पडली. तिथेही संग्रहालय आहे, कोळसा धुण्याच्या कारखान्यात. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. बॉयलरघरात औद्योगिक वस्तूंच्या रचनेचे प्रदर्शन भरते, कॉम्प्रेसरच्या दालनात खानावळ चालते आणि खाणकामगार पाळी संपल्यावर जिथे अंघोळ करीत, तिथे आता नर्तक सराव करतात. 2001 मध्ये युनेस्कोने या खाणीला जागतिक वारसा ठरवले.

मुगलीसरात दोन गोष्टी व्हाव्यात. तळमजल्यावर जन्म-मृत्यूचे दाखले आणि वेरा (कर) भरण्याच्या खिडक्या राहू द्याव्यात, म्हणजे जुन्या शहरातल्या माणसाला रिंग रोडवरचे नवे मुख्यालय गाठावे लागणार नाही. वर महापालिकेचे जुने दप्तर वाचायला खुले करावे. नगरपालिका 1852 ची आहे. 1994 च्या प्लेगनंतर आयुक्त एस. आर. राव यांनी शहर झाडून काढले, त्या कारभाराचे मुख्यालय हेच. खानदेशातून गिरण्या-यंत्रमागांवर आलेल्या आपल्या माणसांची मुले पालिकेच्या मराठी शाळांत शिकली. त्या शाळांचे कागदही इथे आणून नीट लावता येतील. एखाद्या नातवाला आजोबांचे नाव हजेरीपटात सापडेल.

जुन्या भिंतींना कचेरीचा भार सोसत नाही, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. म्हणूनच अभियंते, बैठका, वातानुकूलन यंत्रे आणि साहेबांच्या गाड्या नव्या मुख्यालयाच्या मनोऱ्यांत जाऊ देत. चार खिडक्या आणि एक वाचनालय यांना इमारत सहज पुरेल. फाइली हलवण्याआधी महापालिकेने आराखडा जाहीर करून नागरिकांच्या हरकती मागवाव्यात, एवढीच मागणी आहे.

— एक वाचक, कामरेज (जि. सुरत)