सहा माणसं, अडीच तिकिटं

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. भांडण घरातलंच आहे, पण तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरी तेच चालू असणार याची मला खात्री आहे, म्हणून चव्हाट्यावर आणते आहे. (चिरंजीव हे वाचतात. वाचू देत.)

२०२५च्या गणपतीत आमच्या लेकानं जाहीर केलं की दिवाळीच्या सुट्टीत मुलांना परदेशी न्यायचं. पाच रात्री, सहा दिवस. खर्च पावणेतीन लाखांच्या आसपास. पैसे कुठून? तर पर्सनल लोन. चोवीस हप्ते. नात तेव्हा सात वर्षांची, नातू चारचा. मी मनातल्या मनात हिशेब केला, शेवटचा हप्ता फिटेल तेव्हा नातू सहा वर्षांचा होईल आणि त्याला त्या देशाचं नावसुद्धा आठवणार नाही. मनातलं तोंडावर आलं, आणि मग काय, आरतीच्या आधीच वाद सुरू.

लेकाचं म्हणणं तसं साधं होतं. जूनमध्ये नातीच्या शाळेत एक प्रोजेक्ट दिला होता, सुट्टीत कुठे गेलात त्याचे फोटो चिकटवून आणा. वर्गात कुणाचं दुबई, कुणाचं बाली. आमच्या नातीकडे होता मॉलमधला एक फोटो. ती घरी येऊन रडली. बापाच्या काळजाला ते लागलं, आणि त्यानं बँकेत फोन केला.

आता इथे मला एक कबुली द्यायची आहे. ती दिल्याशिवाय पुढचं बोलायचा अधिकार मला नाही.

मी तीसहून जास्त वर्षं मराठी शिकवलं. दर जूनमध्ये, शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात, मी फळ्यावर निबंधाचा विषय लिहायची : 'मी सुट्टीत काय केले?' सोपा विषय, मुलांचा हात मोकळा होतो, आपल्यालाही पाठ्यपुस्तकं येईपर्यंत वेळ मिळतो. एका वर्षी एका मुलीनं लिहिलं होतं की आम्ही कुठेच गेलो नाही, आई पापड लाटायला जाते तिथे मी दिवसभर लाट्या मोजत बसायचे. अर्धं पान. मी तिला दहापैकी चार गुण दिले आणि शेरा मारला, 'विषय फुलवला नाही.' त्याच वेळी उटीला जाऊन आलेल्या एका मुलाला आठ. त्याच्या निबंधात बागेतल्या फुलांची यादी होती, आणि ती बहुधा वडिलांनी सांगितलेली होती. ती मुलगी पुढच्या वर्षी माझ्याच वर्गात होती. तिनं महाबळेश्वरची सहल लिहिली. गेलेली नव्हती, हे मला वाचतानाच कळलं. तिला मी सात गुण दिले.

तेव्हा नातीच्या वर्गशिक्षिकेला मी कोणत्या तोंडानं बोल लावू? फोटो चिकटवायला सांगणं ही माझ्याच निबंधाची सुधारित आवृत्ती आहे. मुलांची सुट्टी मुलांसाठी न राहता दाखवण्यासाठी झाली, त्यात आमच्यासारख्यांच्या लाल पेनाचा हात आहे.

असो. मुद्द्यावर येते.

माझं पहिलं भांडण त्या सहा दिवसांच्या कार्यक्रमपत्रिकेशी. लेकानं ती मला वाचायला दिली होती. रोज सकाळी सातला नाश्ता, आठला बस. एका दिवसात चार 'पॉइंट'. रात्री साडेनऊला हॉटेल. अहो, चार वर्षांचं पोर दुपारी दीडला झोपतं! त्याला झोपेतून उठवून पुतळ्यासमोर उभं करायचं आणि हसायला सांगायचं, याला सहल म्हणायचं की शिक्षा? लहान मुलाला पाहायची ठिकाणं नको असतात. त्याला हवं असतं पाणी, माती किंवा वाळू, एखादं जनावर, आणि घाईत नसलेले आईबाप. यातली शेवटची वस्तू सगळ्यात महाग, आणि ती कुठल्याच पॅकेजमध्ये नसते.

दुसरं भांडण माझ्या पिढीशी. मी हा वाद घालायला लागले की माझ्या वयाच्या बायका आणि विशेषतः पुरुष लगेच मान डोलावतात : 'खरंय हो, आमच्या वेळी मामाचा गाव होता, एक पैसा लागत नव्हता!' थांबा जरा. माझी मुलं दर मे महिन्यात माझ्या माहेरी, वाईजवळच्या खेड्यात जायची. कृष्णेत डुंबायची, आंबे खायची, अंगणात झोपायची. घरात एकूण अकरा मुलं असायची. फार सुंदर, फार स्वस्त. पण अकरा मुलांच्या भाकरी कोण थापत होतं? माझी वहिनी. चुलीपुढे, मे महिन्यात. ती साठीला आल्यावर एकदा मला म्हणाली, "वन्सं, राग मानू नका, पण परीक्षा संपायच्या दिवसांत माझ्या पोटात गोळा यायचा." मी तिच्याकडे महिनाभर राहून परत येताना तिच्या हातावर एक ब्लाउजपीस ठेवत असे. त्या स्वस्त सुट्टीचे पैसे कुणीतरी भरतच होतं, फक्त ते आमच्या वहीत लिहिलेले नसायचे. म्हणून मामाच्या गावाची गाणी मला म्हणू नका. आणि आता ती भाची-पुतण्यांची लटांबरं आपल्या सुनांच्या गळ्यात घालायचं तर बोलूच नका.

तर मग करायचं काय? मी लेकाला म्हटलं, लोन घेऊ नकोस, चार रात्री दापोलीजवळ मुरुडला जाऊ, समुद्रावर. हिशेब मी ठेवते. तो म्हणाला, "आई, दापोलीला काय आहे?" मी म्हटलं, समुद्र आहे. तो कुठेही गेलास तरी खारटच.

दिवाळीची गर्दी ओसरल्यावर, नोव्हेंबरात, सोमवार ते शुक्रवार. हो, शाळा बुडवून! आयुष्यभर हजेरी घेतलेली बाई हे सांगते आहे. पहिली-दुसरीतल्या मुलाचे पाच दिवस बुडाले तर काहीही बिघडत नाही. शनिवार-रविवारी आणि जोडसुट्ट्यांना त्याच खोलीचा भाव वर जातो, जेवायला रांग लागते, आणि किनाऱ्यावर वाळूत चारचाकी गाड्या फिरवणारे महाभाग येतात. मुलांना मोकळं सोडताच येत नाही.

गेलो एसटीनं. लेकाचा चेहरा पाहण्यासारखा होता, गाडी दारात उभी असताना लाल डबा! पण घाटात स्वतः गाडी चालवणारा बाप मागे बसलेल्या मुलांवर फक्त ओरडू शकतो, हे मी त्याला शांतपणे सांगितलं. आता तिकिटाची गंमत ऐका. आमचे 'हे' अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटीत २०२२पासून तिकीट नाही. मला आणि सूनबाईंना निम्मं, २०२३च्या मार्चपासून महिलांना पन्नास टक्के सवलत आहे. नात पाच ते बाराच्या मधली, अर्धं तिकीट. नातू पाचच्या आतला, फुकट. पूर्ण पैसे भरणारा एकटा लेक. सहा माणसं, अडीच तिकिटं! वाहकानं दोनदा मोजलं आणि हसला. रेल्वेचा अनुभव याच्या उलट. तिथली ज्येष्ठांची सवलत २०२०च्या मार्चमध्ये बंद झाली, आणि २०१६पासून पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा तर पूर्ण भाडं. अर्ध्या तिकिटावर मूल मांडीवर. सात वर्षांची मुलगी रात्रभर मांडीवर घेऊन बघा एकदा.

ताम्हिणीत नातवानं उलटी केली, माझ्या पदरावर. सांगायचं राहायला नको. लाल डब्याची नुसती स्तुती केली तर तुम्ही म्हणाल बाई महामंडळाकडून पैसे घेते.

खर्च : दोन खोल्या, चार रात्री, दीड हजारप्रमाणे बारा हजार. जेवणखाण सगळ्यांचं मिळून दहा हजार. एसटी जाऊन येऊन अठराशेच्या आसपास. रिक्षा आणि किरकोळ अडीच हजार. सव्वीस हजारांच्या वर थोडं. हे काही फुकट नव्हे, आणि अनेक घरांना हेही जड आहे, हे मला ठाऊक आहे. त्यांनी दोन रात्रींचं करावं, एका खोलीत करावं. पण हप्ता एकही नाही.

ज्यांच्याकडे उतरलो त्या ताई स्वतः रांधायच्या. आंबोळ्या, सोलकढी, संकष्टीला नव्हे तर नातीनं मागितले म्हणून उकडीचे मोदक. पण त्यांच्या दाराबाहेर दराची पाटी होती. ताट अमुक रुपये, मोदक वेगळे. मला त्या पाटीकडे बघून फार बरं वाटलं. माझ्या वहिनीच्या दारावर अशी पाटी कधी लागली नाही. आणि सूनबाई चार दिवस दुपारी झोपल्या. लग्नानंतर पहिल्यांदाच, असं त्याच म्हणाल्या.

दिवसाला एकच गोष्ट, असा नियम केला होता. एक दिवस नुसती वाळू. एक दिवस आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती. एक दिवस हर्णै. तिथून समुद्रातला सुवर्णदुर्ग दिसतो, पण मुलांचं लक्ष किल्ल्याकडे नव्हतं. संध्याकाळी किनाऱ्यावर मासळीचा लिलाव चालतो, होड्यांतला माल बैलगाडीतून येतो. पाण्यात उभे बैल! नातू जागचा हलेना. नात बोली ऐकत होती. इंग्रजी शाळेतली पोर, तिला 'साडेचारशे' म्हणजे किती ते कळेना. तिथेच वाळूत काडीनं लिहून दाखवलं. पाच मिनिटांनी ती बाजूच्या कोळणीला सांगत होती, "आता पावणेपाचशे झाले." आम्ही शाकाहारी, मासळीच्या वासानं 'ह्यां'नी नाकाला रुमाल लावला होता, पण तेही हलले नाहीत.

एका रात्री मुलांना धोंडो केशव कर्व्यांची गोष्ट सांगितली. याच मुरुडचा मुलगा परीक्षेसाठी पावसात साताऱ्यापर्यंत चालत गेला, आणि वयानं लहान दिसतो म्हणून त्याला परीक्षेला बसूच दिलं नाही. नातू म्हणाला, "मग तो परत पण चालत आला?" हा प्रश्न इतक्या वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्यानं विचारला नव्हता.

लेकाचं समाधान झालं का? नाही. त्याचं म्हणणं अजून तेच आहे, मुलांना 'एक्स्पोजर' हवं. हवंच की! मुलं बारा-चौदाची होऊ देत, त्यांना नकाशा वाचता येऊ दे, मग पैसे साठवून जा. मीही दोन हजार घालीन. पण चार वर्षांच्या मुलाच्या नावावर आईबापांनी आपली हौस कर्जानं भागवायची आणि त्याला एक्स्पोजर म्हणायचं, हे मला मान्य नाही, आणि गणपतीत झालेला वाद दसऱ्याला, संक्रांतीला, कधीही पुन्हा घालायची माझी तयारी आहे.

मार्चमध्ये वेळासला जायचं घाटतं आहे. फेब्रुवारी ते एप्रिल तिथे कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात. पुन्हा शाळा बुडणार. वर्गशिक्षिकांना चिठ्ठी या वेळी मी लिहिणार आहे, आणि कारण 'ताप' असं लिहिणार नाही. कासवं बघायला गेली होती, असंच लिहीन.